स्वस्तातली जुनी गाडी घ्यायचीय, पण ठरत नाही?

आईचं डायलिसिस सुरू झालं आणि आठवड्यातून तीन वेळा कोरेगावहून साताऱ्याला जाणं आलं. एसटीत तिला चढवणं जमेना, म्हणून भाड्याची गाडी. जाऊन-येऊन ९०० रुपये. जुनी गाडी घ्यायची हे घरात पहिल्याच आठवड्यात ठरलं, पण गाडी दारात यायला सतरा आठवडे गेले. तेवढ्यात मी एकवीस गाड्या प्रत्यक्ष पाहिल्या. फोनवर किती पाहिल्या त्याला गणतीच नाही. शेवटी जी वॅगनआर घेतली, तशीच गाडी तिसऱ्या आठवड्यात त्याच भावात मिळत होती. तेव्हा मी म्हटलं, अजून एक-दोन बघूया.

मधल्या भाड्याचा हिशोब केला, तर आठवड्याला २,७०० प्रमाणे ४५,९०० रुपये झाले. दोन लाखांच्या व्यवहारात फसू नये म्हणून मी पन्नास हजारांच्या आसपास घालवले, आणि आईची ओढाताण झाली ती वेगळीच. म्हणून पहिली गोष्ट ही करा: गाडी नसल्यामुळे तुमचा दर आठवड्याला किती खर्च होतो, तो आकडा कागदावर लिहा. रिक्षा, भाड्याची गाडी, खाड्यामुळे बुडलेला पगार, सगळं धरून. न ठरवणं फुकट असतं असं वाटत राहतं, त्यातच महिने जातात.

गाडी कागदाशी ताडून बघा, दुसऱ्या गाडीशी नाही

नव्या गाडीत मॉडेल आणि किंमत ठरली की विषय संपतो. जुन्या दोन गाड्या कधीच सारख्या नसतात. एक २०१३ ची पण ५० हजार किलोमीटर चाललेली, दुसरी २०१५ ची पण ९० हजार. एकीचे टायर नवे, दुसरीचा एसी गार. एकमेकींशी तुलना करायला बसलात तर ती संपतच नाही, कारण प्रत्येक गाडीत दुसरीत नसलेलं काहीतरी असतंच.

मी वहीच्या पानावर तीन रकाने आखले, पण ते चौदाव्या आठवड्यात. तुम्ही पहिल्या दिवशी आखा. ‘हवंच’ या रकान्यात मी लिहिलं: आईला गुडघे फार न वाकवता बसता येईल अशी उंच सीट, पेट्रोल, गावातल्या मेकॅनिकला ओळखीचं इंजिन, पासिंग (नोंदणीची मुदत) किमान तीन वर्षं शिल्लक. ‘नकोच’मध्ये पुरातली, जोरात ठोकलेली, परराज्यातली, कर्जाचा बोजा असलेली. आणि ‘चालेल’मध्ये रंग, ओरखडे, मागच्या काचा हाताने फिरवायच्या असणं, म्युझिक सिस्टिम नसणं, सेकंड ओनर.

हा तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा, असं मला आता ठाम वाटतं. मी सोडलेल्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त गाड्या रंग, सीटचं कापड, बंपरवरचा ओरखडा अशाच कारणांनी सोडल्या होत्या. हे चालणार आहे असं आधीच लिहून ठेवलं असतं, तर समोर उभं राहिल्यावर मन हललं नसतं.

पैशाचा आकडा फोडून ठेवा

‘आणखी पंचवीस हजार घातले की दोन वर्षं नवी मिळते.’ हे वाक्य खरं असतं, म्हणूनच घात करतं. पंचवीस-पंचवीस करत मी १ लाख ८० हजारांवरून सव्वातीन लाखांवर पोहोचले. तिथे भाऊजी म्हणाले, एवढ्यात कर्ज काढून नवीच घे की. मग नव्याचे कोटेशन, हप्त्याची आकडेमोड, यात तीन आठवडे गेले आणि गाडी परत मूळ आकड्यावर आली.

एकूण पैशातला पाचवा हिस्सा बाजूला काढा आणि उरलेल्यातच गाडी बघा. माझ्याकडे २ लाख २५ हजार होते. गाडीला १ लाख ८० हजार, बाकी ४५ हजार वेगळ्या खात्यात. ते पैसे लागलेच: टायर, बॅटरी, पूर्ण सर्व्हिसिंग, विमा, नाव बदलण्याचा खर्च. हजार सीसीपर्यंतच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता) विमा २०२२ च्या दराने २,०९४ रुपये अधिक जीएसटी होतो, हजार ते दीड हजार सीसीचा ३,४१६ रुपये. हा खर्च दरवर्षीचा आहे.

हे पैसे बाजूला असले की आणखी एक गोष्ट होते. बारीकसारीक दोषांनी घाबरायला होत नाही. शॉकअप वाजतोय म्हटल्यावर ‘ही नको’ असं न वाटता ‘याचे किती?’ असा प्रश्न येतो, आणि तोच भाव पाडायला उपयोगी पडतो.

वयाचा हिशोबही पैशाचाच आहे. खासगी कारचं पासिंग १५ वर्षांचं असतं. नंतर गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांनंतरच्या पहिल्या नूतनीकरणाची फी कारला ५,००० रुपये झाली आणि पर्यावरण कर वेगळा. म्हणजे २०११ ची गाडी स्वस्त दिसली तरी २०२६ चा हा खर्च तिच्या किमतीत धरूनच बघा.

कुठलं मॉडेल

इथे फार घोळ घालू नका. या पैशात गावोगाव मेकॅनिक आणि सुटे भाग मिळणाऱ्या पेट्रोल गाड्या मोजक्याच: अल्टो, वॅगनआर, आय टेन, सँट्रो, थोडी जुनी स्विफ्ट. यातली दोन मॉडेलं निवडा आणि बाकीच्यांकडे बघणं बंद करा. शेवरले, फोर्ड, डॅटसन यांच्या गाड्या याच पैशात कमी वयाच्या मिळतात. पण शेवरलेने भारतातली विक्री २०१७ अखेर थांबवली, फोर्डने इथलं उत्पादन बंद करत असल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं आणि डॅटसन २०२२ मध्ये गेली. गाडी वाईट म्हणून ती स्वस्त मिळते असं नाही. एखादा भाग लागला की शोधाशोध होते आणि पुढे विकताना गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून स्वस्त. घरात एकच गाडी असणार असेल तर हा धोका घेऊ नका.

इंजिनाबद्दल एक गोष्ट विचारायचीच: टायमिंग चेन की बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या आतल्या भागांचा मेळ राखणारी साखळी आहे की पट्टा? २०१० नंतरच्या वॅगनआरमधलं एक लिटरचं के-सिरीज इंजिन चेनचं आहे. अल्टो ८०० आणि जुनी सँट्रो बेल्टवर चालतात. बेल्ट ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो आणि तो कधी बदलला याचं बिल विक्रेत्याकडे नसेल, तर बदललेला नाही असंच धरून तेवढे पैसे किमतीतून वळते करा.

डिझेल महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर चालवणाऱ्याने घ्यावी. माझ्यासारख्या वीस किलोमीटरच्या फेऱ्यांना नको, जुन्या डिझेलचा इंजेक्टर किंवा टर्बो निघाला की वर्षभराची इंधनाची बचत एका बिलात जाते. सीएनजी बघत असाल तर किट आरसीवर (नोंदणीपत्रावर) चढलेलं आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांची तपासणी झाली आहे का, एवढं बघा.

आणि एअरबॅग. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. दोन लाखांत त्यानंतरची गाडी सहसा बसत नाही, पण आधीच्या काही गाड्यांच्या वरच्या व्हेरियंटमध्ये एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) मिळतात. दोन गाड्या बाकी सारख्या असतील तर पाच-दहा हजार याच्यासाठी जास्त द्यावेत. अलॉय व्हीलसाठी देऊ नयेत.

घरबसल्या निम्म्या गाड्या गाळा

एकवीस गाड्या पाहिल्या म्हणाले, त्यातल्या किमान बारा बघायला जायचीच गरज नव्हती. गाडीचा नंबर मागा. ‘उद्या या, मग देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, पासिंग कधीपर्यंत, विमा, पीयूसी, गाडीवर कर्ज आहे का, हे दिसतं. वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या संकेतस्थळावर थकलेले दंड बघा. ‘फर्स्ट ओनर’ म्हणून सांगितलेली एक गाडी तिथे तिसऱ्या मालकाची निघाली. वेळही वाचला आणि माणूसही कळला.

मग फोनवर तीनच प्रश्न: का विकताय, सर्व्हिसिंग कुठे करता, शेवटचं मोठं काम कोणतं केलं? प्रत्यक्ष मालक असेल तर तो अडखळत का होईना पण तपशिलात सांगतो. ‘एक रुपयाचं काम नाही, घ्या आणि चालवा’ एवढंच वारंवार ऐकू आलं, तर मी पुढे जायची नाही.

परराज्यातली गाडी मी ‘नकोच’मध्ये का टाकली, तेही सांगते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. पण तिकडची एनओसी (ना-हरकत दाखला), इथे पुन्हा कर, इथला नंबर हे सगळं धरलं की स्वस्ताई उरत नाही, आणि कागद अडकला तर तुम्हीही अडकता.

प्रत्यक्ष बघायला जाताना

सकाळी जा, उजेडात जा, आणि ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असं आधी सांगा. आमचे गावातले मेकॅनिक काका गाडीपाशी पोहोचले की बोलायच्या आधी बॉनेटवर पालथा हात ठेवतात. गरम लागलं तर मला हळूच म्हणतात, ‘ताई, ही आधीच जागी केलीय.’ गार इंजिन सुरू होताना जे आवाज आणि धूर देतं, ते गरम झाल्यावर लपतं. मेकॅनिकला पाचशे-हजार रुपये द्या, पेट्रोल द्या, पण न्याच. मात्र तो विक्रेत्याच्या ओळखीचा नसावा.

कराडजवळ पाहिलेल्या एका गाडीची गोष्ट सांगायलाच हवी. चंदेरी रंग, आतून स्वच्छ, अत्तराचा वास, १ लाख ६५ हजार. आई बसेल ती जागा मी डोळ्यांसमोर आणलीसुद्धा होती. काकांनी चालकाच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि ओढत गेले. ओढत ओढत तो पार शेवटपर्यंत बाहेर आला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर विटकरी रंगाची आडवी रेघ होती आणि बोटाला बारीक गाळ लागला. मग त्यांनी डिकीतली स्टेपनी उचलली, तर खालच्या खळग्यात तसाच वाळलेला गाळ. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले. गाडी एमएच-१०, म्हणजे सांगलीची होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात किती गाड्या पाण्याखाली होत्या, हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको. २०२१ च्या जुलैत चिपळूणलाही तेच झालं. विकणारा म्हणाला, परवाच धुतलीय म्हणून ओल असेल. आम्ही नमस्कार केला आणि निघालो. पुरातल्या गाडीची वायरिंग आज चालते, सहा महिन्यांनी कुठे मरेल सांगता येत नाही. डायलिसिसला नेणारी गाडी अशी असून चालत नाही.

बाकी तपासणी काकांच्या क्रमाने सांगते. चावी फिरवून इंजिन सुरू न करता थांबा. इंजिनाचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही, तर कुणीतरी तो मुद्दाम बंद करून ठेवला असू शकतो. गाडी सुरू झाल्यावर सायलेन्सरकडे बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) जळतंय. सकाळच्या गारव्यात थोडी वाफ येते, तिला घाबरू नका. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडलं आणि आतून भकाभका धूर आला, तर त्याला मेकॅनिक लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. ती गाडी सोडा. झाकणाच्या आत ताकासारखा फेस दिसला तर हेड गॅसकेट (इंजिनातलं सील) गेल्याचा संशय घ्यावा आणि शहानिशा झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ठोकलेली गाडी रंगावरून ओळखायला जाऊ नका, हल्लीचं डेंटिंग-पेंटिंग चांगलं असतं. दाराच्या चौकटीवरचं काळं रबर थोडं ओढा. आत कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसायला हवेत. तिथे लांबी (पुट्टी) भरलेली किंवा सलग वेल्डिंगची रेघ असेल तर पिलरला (छत तोलणाऱ्या खांबाला) मार बसलाय. बंपर किंवा दार बदललेलं चालेल, पिलर आणि पुढचा एप्रन (बॉनेटखालचा आतला पत्रा) नाही.

मीटर मागे फिरवलेलं असू शकतं, म्हणून पॅडलचं रबर, स्टिअरिंगची कातडी, चालकाच्या सीटची कड बघा. ४० हजार दाखवणाऱ्या गाडीचं क्लचचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं. गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला जात असेल, तर मालकाला तिथली जुनी बिलं मागा. प्रत्येक बिलावर त्या दिवशीचा मीटरचा आकडा असतो. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि साल. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी सात-आठ वर्षांचं रबर बदलायचंच असं धरा.

चालवून बघताना सपाट डांबरीवर अर्धा किलोमीटर मारून काही कळत नाही. आम्ही साताऱ्यातली गाडी यवतेश्वरच्या घाटात नेली, एसी लावून, तीन माणसं बसवून. चढावर दम लागतो का, तापमानाचा काटा मध्यावर राहतो का, उतरताना ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे तिथे आपोआप कळतं. परत आल्यावर हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच प्लेट ठीक. तसंच घुरघुरत राहिलं तर प्लेट संपत आलीय.

ठरवायचं कसं

आता मूळ दुखणं. सगळी तपासणी झाली, गाडी बरी आहे, तरी मन म्हणतं थांब.

बघायच्या आधीच मर्यादा ठरवा: गाळून उरलेल्या पाच गाड्या, तीन रविवार. ‘हवंच’ आणि ‘नकोच’ या दोन्ही रकान्यांच्या कसोटीला उतरलेली पहिली गाडी घ्यायची. पाचातली सर्वांत चांगली शोधायची नाही, कारण ती कळण्यासाठी पाचही बघाव्या लागतात आणि तोवर पहिली गेलेली असते. मग गेलेली गाडीच सर्वांत चांगली होती असं वाटायला लागतं. माझ्या बाबतीत हे तीनदा झालं.

सल्ला एकाचाच घ्या, आणि तो गाडी प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचा. मी फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायची. अकरा जणांची अकरा मतं यायची आणि त्यातली नकारार्थी दोनच डोक्यात राहायची. प्रेमाने सांगतात सगळे, पण गाडीखाली वाकून बघितलेलं असतं फक्त मेकॅनिकने.

एक रात्र जाऊ द्या. त्या रात्री एकच प्रश्न स्वतःला विचारा: मला थांबवतंय ते गाडीत दिसलेलं काही आहे का? असेल तर ते शब्दांत लिहा. ‘दुसऱ्या गिअरला खर्र आवाज येतो’ असं लिहिता आलं तर ते कारण आहे, उद्या मेकॅनिकला विचारा, दुरुस्तीचा आकडा घ्या, भावातून कापा. लिहिताच आलं नाही, नुसतं पोटात कसंतरी होतंय, तर ती पहिल्यांदा एवढे पैसे देण्याची भीती आहे. ती सहाव्या गाडीलाही होईल आणि सोळाव्यालाही. गाडीबद्दल नाही, पण माणसाबद्दल मन साशंक असेल, कागद दाखवायला टाळाटाळ, घाई, ‘आजच इसार द्या’ असा लकडा, तर मात्र सोडा. तिथे मनाचं ऐकावं.

भाव करताना मी दोषांची यादी आणि त्यांचे आकडे घेऊन बसले. टायर आणि बॅटरी दोन्ही मालकांनी मान्य केले, १ लाख ९० चे १ लाख ७६ हजार झाले. ते निवृत्त शिक्षक होते. त्यांच्याकडे शंभर पानी वही होती, प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, मीटरचा आकडा आणि तारीख. दहा वर्षांची.

कागद

आरसी मूळ प्रत, चालू विमा, पीयूसी, दुसरी चावी. नमुना २९ (गाडी विकल्याची सूचना) च्या दोन प्रती आणि नमुना ३० (नाव बदलण्याचा अर्ज) यांवर मालकाच्या सह्या, आरटीओच्या नोंदीतल्या सहीशी जुळणाऱ्या. कर्ज फिटलेलं असलं तरी बोजा आरसीवरून उतरलेला नसतो, त्यासाठी बँकेची एनओसी आणि नमुना ३५ लागतो. हे काम विकणाऱ्याने आधी पुरं करावं, नंतर पाठपुरावा करणारं कुणी नसतं. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर नमुना २८ ची एनओसी लागते का, हे इसार देण्याआधी आपल्या आरटीओत विचारा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसलेली आहे का, तेही पाहा.

पैसे खात्यावरूनच द्या आणि ताबा घेतल्याची पावती करा, तारीख आणि वेळेसह. त्या मिनिटापर्यंतचे दंड त्यांचे, पुढचे तुमचे. नाव बदलण्याचा अर्ज राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यायचा असतो. नुसत्या सह्या घेऊन गाडी वर्षभर फिरवू नका. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाका, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सवलत) माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे त्या फरकाचे पैसे भरावे लागतील. जुना फास्टॅग मालकाला बंद करायला सांगा.

गाडी दारात आल्यावर

विकणाऱ्याने कालच सर्व्हिसिंग केलं असं सांगितलं तरी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल एकदा बदलून घ्या. पेट्रोलचे रबरी पाइप तपासा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं आणि जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनलेले नाहीत. तडा दिसला तर बदला, फार खर्च नाही.

गाड्यांच्या जाहिरातींचं ॲप त्याच दिवशी काढून टाका. मी काढलं नव्हतं. घेतल्यावर पंधरा दिवसांनी तशीच वॅगनआर आठ हजारांनी स्वस्त दिसली आणि दोन दिवस जीव खात राहिला. तिच्या सीटबेल्टच्या टोकाला काय होतं, ते त्या फोटोत दिसत नव्हतं.

पहिले हजार किलोमीटर दर आठवड्याला, सकाळी गार असताना, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून ऑइल बघा आणि लिहा. मी मास्तरांच्याच वहीत पुढे लिहिते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चाळीस-चाळीस किलोमीटर. आई पुढच्या सीटवर बसते आणि दार स्वतः लावते.